जुन्या हॉलिवूडच्या हिरॉईनचं खरं चरित्र कसं शोधायचं (फ्लोरेन्स लॉरेन्सला सोबत घेऊन)

मूकपटाच्या काळातली कुठलीही हिरॉईन घ्या, नेटवर तिच्याबद्दल जे सापडतं त्यातलं बरंचसं मुळात तिच्याच कंपनीच्या पब्लिसिटीवाल्यांनी लिहिलेलं असतं आणि मग शंभर वर्षं लोक ते एकमेकांचं बघून उतरवत आलेले असतात. थेडा बाराचं बघा ना, फॉक्स कंपनीने तिचा जन्म थेट इजिप्तच्या वाळवंटात लावून दिला होता, बाई प्रत्यक्षात ओहायोमधल्या सिनसिनाटीची, नाव थिओडोसिया गुडमन. हे उघड होऊन जमाना झाला तरी अजून कुठेतरी ते इजिप्त डोकावतंच.

म्हणून कोणाला अशा एखाद्या अभिनेत्रीवर व्हिडिओ करायचाय, लेख लिहायचाय किंवा नुसतंच स्वतःच्या समाधानासाठी खणायचंय तर माझं म्हणणं एवढंच की किस्स्यांपासून सुरुवात करू नका. आधी सिनेमे, मग त्या त्या आठवड्याची छापील पानं, मग सरकारी कागद, आणि बाईंच्या आठवणी नि लोकांनी सांगितलेल्या गोष्टी सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक कागदाला एकच प्रश्न, हे कोणी छापलं आणि त्याला त्यातून काय मिळणार होतं.

उदाहरणाला फ्लोरेन्स लॉरेन्स घेतो, कारण तिच्या बाबतीत जवळपास प्रत्येक खड्डा आहे. थोडक्यात ओळख: जन्म २ जानेवारी १८८६, कॅनडातलं हॅमिल्टन, मूळ आडनाव ब्रिजवुड. आई शार्लट स्वतःची नाटक कंपनी चालवायची आणि लॉटा लॉरेन्स नावाने काम करायची, त्यामुळे पोरगी लहानपणीच स्टेजवर. पुढे एडिसन, व्हिटाग्राफ या सिनेमा कंपन्या, मग १९०८ मध्ये बायोग्राफ, तिथून निर्माता कार्ल लेम्लेची आयएमपी (सगळे 'इम्प' म्हणायचे), मग लुबिन, आणि १९१२ मध्ये नवरा हॅरी सॉल्टरसोबत स्वतःची व्हिक्टर कंपनी. 'जगातली पहिली मूव्ही स्टार' हे बिरुद तिच्या नावामागे कायम लागलेलं असतं, त्याच्याकडे नंतर येतो.

आधी यादी, तीही तारखांसकट

एक साधी स्प्रेडशीट उघडा. कॉलम: सिनेमाचं नाव, कंपनी, रिलीजची तारीख, लांबी फुटांत, प्रिंट शिल्लक आहे का, आणि ही माहिती कुठून घेतली. शेवटचा कॉलम कंटाळा आला तरी भराच, महिन्याभराने तोच उपयोगी पडतो. सुरुवातीला आयएमडीबी चालेल पण ती यादी फक्त कच्चा माल समजा, त्यानंतर एएफआय (अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट) कॅटलॉगमध्ये आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या याद्यांमध्ये एकेक नाव ताडून बघा. महिला कलाकार, दिग्दर्शिका, लेखिका यांच्यासाठी कोलंबिया युनिव्हर्सिटीचा विमेन फिल्म पायोनियर्स प्रोजेक्ट आहे, तिथले लेख अभ्यासकांनी लिहिलेत आणि फुकट आहेत, ते आधी वाचा म्हणजे निम्मी पायपीट वाचते.

आता गंमत अशी की १९१० च्या आधीच्या सिनेमात कलाकारांची नावंच नसायची. बायोग्राफचं तर धोरणच होतं की नाव द्यायचं नाही, नाव झालं की पगार मागणार ही भीती. लोक पत्र लिहून विचारायचे ही मुलगी कोण, तरी कंपनी गप्प. त्यामुळे प्रेक्षकांनी तिला 'बायोग्राफ गर्ल' म्हणायला सुरुवात केली, आणि लॉरेन्स कंपनी सोडून गेल्यावर हेच बिरुद तिथल्याच दुसऱ्या नटीला, मेरी पिकफोर्डला चिकटलं. म्हणजे जुन्या कागदात नुसतं 'बायोग्राफ गर्ल' दिसलं की उड्या मारू नका, आधी तारीख बघा.

याच्या पुढचा प्रकार तर अजून भारी आहे. ब्रिटनमध्ये बायोग्राफच्या कलाकारांना चक्क खोटी नावं दिली होती. ब्लँश स्वीट तिकडे डॅफ्ने वेन म्हणून ओळखली जायची आणि मेबल नॉर्मंड म्हणजे म्युरिएल फोर्टेस्क्यू! इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या मासिकात अनोळखी नाव दिसलं आणि फोटोतला चेहरा मात्र ओळखीचा वाटला तर तुमचं डोकं ठिकाणावर आहे, नाव खोटं आहे.

लँटर्नमध्ये कसं शोधायचं

या सगळ्यातलं सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी आणि तिचं सर्च इंजिन लँटर्न. जुनी सिनेमाची मासिकं स्कॅन करून ठेवलीत, एक पैसा लागत नाही. पण इथे दोन जातीची मासिकं आहेत आणि त्यांची गल्लत करायची नाही. 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' (१९०७ ते १९२७) हे धंद्याचं साप्ताहिक, थिएटरवाल्यांसाठी काढलेलं, त्यात कुठला सिनेमा कधी येणार, किती फुटांचा, कुणाकडून मिळणार हे सगळं असतं. याउलट 'फोटोप्ले' किंवा 'मोशन पिक्चर स्टोरी मॅगझिन' (दोन्ही १९११ पासून) फॅन लोकांची. तारखा पहिल्या जातीतून घ्यायच्या, लोकांना काय विकलं जात होतं ते दुसऱ्या जातीतून बघायचं.

सर्च करताना नुसतं पूर्ण नाव टाकून थांबू नका. स्कॅन मशीनने वाचलेलं असतं, अक्षरं फाटलेली, शाई पसरलेली, त्यामुळे नाव चुकीचं उमटतं. आडनाव एकटं टाका, 'मिस लॉरेन्स' टाका, कंपनीचं नाव आणि वर्ष टाका, नवऱ्याचं नाव टाका. नवऱ्याचंही आडनाव कुठे सॉल्टर तर कुठे सॅल्टर छापलंय, दोन्ही शोधावं लागतं. आणि सर्चमध्ये काहीच आलं नाही तर त्या महिन्याचा अंक उघडून पान पान चाळा, हे कंटाळवाणं आहे पण खरा माल तिथेच मिळतो, शेजारच्या जाहिरातीत, पत्रव्यवहारात.

एक सापळा खास तिच्यासाठीचा. लॉस अँजेलिसच्या 'एक्झामिनर' पेपरात याच नावाची एक नाट्यसमीक्षक होती, तीही फ्लोरेन्स लॉरेन्स, त्याच शहरात, साधारण त्याच काळात, विषयही सिनेमा नि नाटक. म्हणजे १९२० च्या आसपासच्या पेपरात नाव दिसलं की आधी बघा हिने सिनेमात काम केलंय की सिनेमावर लिहिलंय. अशी नावं जुळणारी माणसं प्रत्येक अभिनेत्रीच्या वाटेत एक तरी असतेच, तिच्यासाठी स्प्रेडशीटमध्ये वेगळा टॅब करून ठेवा.

किस्सा तपासायचा कसा: ट्रामखाली मेलेली हिरॉईन

तिचा सगळ्यात प्रसिद्ध किस्सा असा सांगतात. १९०९ मध्ये लेम्लेने तिला बायोग्राफकडून आपल्याकडे आणलं, मग १९१० मध्ये स्वतःच पेपरात पुडी सोडली की ती ट्रामच्या अपघातात गेली, आणि लोक हळहळत असतानाच जाहिरात देऊन जाहीर केलं की ती जिवंत आहे, हा शत्रूंचा खोटारडेपणा आहे, आणि मग तिला सेंट लुईसला नेऊन लोकांपुढे उभं केलं. सोबत तिचा सहकलाकार किंग बॅगट होता. तुफान गर्दी.

ऐकायला झकास आहे. आता त्याचे तुकडे करा. जाहिरात खरी आहे का? हो, मार्च १९१० मधली, धंद्याच्या साप्ताहिकात आलेली, स्वतः उघडून बघता येते आणि बघाच. मोठ्ठ्या अक्षरात 'आम्ही हे खोटं उघडं पाडतो' अशा थाटाचं शीर्षक, तिचा फोटो, विरोधकांना शिव्या, आणि त्याच मजकुरात पुढे कंपनीचे येणारे सिनेमे कुठले हेही सांगून टाकलंय. म्हणजे तिच्या जिवाची काळजी आणि नव्या मालाची जाहिरात एकाच पानात उरकली. हे एक पान नीट वाचलं तरी लेम्ले काय चीज होता ते कळतं, दहा लेख वाचायची गरज नाही.

सेंट लुईसची भेट खरी का? तीही खरी, तिथले त्या आठवड्याचे पेपर काढून बघता येते. पण गर्दी किती होती याचे आकडे कंपनीच्या बाजूने आलेले असतील तर ते आकडे कंपनीचे म्हणूनच लिहायचे. आणि उरला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा, मरणाची ती मूळ बातमी. ती जाहिरातीच्या आधी नेमकी कुठल्या पेपरात, कुठल्या तारखेला आली? ते कात्रण हातात येत नाही तोवर 'लेम्लेनेच बातमी पेरली' हे ठाम वाक्य लिहायचं नाही, 'त्यानेच पेरली असं मानलं जातं' इथवरच थांबायचं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुन्या पेपरांचा ऑनलाइन साठा, क्रॉनिकलिंग अमेरिका, यासाठी आहे, राज्य आणि तारखेची चाळणी लावा, फेब्रुवारी नि मार्च १९१०, आणि 'लॉरेन्स' सोबत 'ट्राम' साठीचा त्या काळातला अमेरिकन शब्द 'स्ट्रीटकार' टाका.

तसंच 'पहिली स्टार' वालं बिरुद. कालेम कंपनीने १९१० च्या सुरुवातीलाच आपल्या कलाकारांचे फोटो नावांसकट छापले होते, व्हिटाग्राफची फ्लोरेन्स टर्नर (हो, अजून एक फ्लोरेन्स) तेव्हाच लोकप्रिय होती. त्यामुळे मी स्वतः 'पहिल्या काही स्टार्सपैकी' एवढंच लिहितो. व्ह्यूज कमी येतील, येऊ देत.

सिनेमे बघताना

बायोग्राफचे बरेच सिनेमे आज बघायला मिळतात त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. १९१२ पर्यंत अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात सिनेमा अशी वेगळी सोयच नव्हती, म्हणून कंपन्या अख्खा सिनेमा कागदाच्या गुंडाळीवर एकेक फ्रेम छापून 'फोटो' म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करायच्या. नायट्रेट फिल्म जळाली, कुजली, कागद मात्र राहिला. असे तीन हजारांच्या वर सिनेमे कागदावर वाचले आणि पुढे त्यावरून परत फिल्म बनवली. म्हणूनच ते प्रिंट जरा दाणेदार आणि डळमळते दिसतात, त्यावरून त्या काळी कॅमेरे भंगार होते असं ठरवू नका.

याचा उलटा परिणाम पण लक्षात घ्या. लॉरेन्सचं बायोग्राफमधलं काम दिसतं, पण इम्प, लुबिन, व्हिक्टर इथलं बहुतेक सगळं हरवलंय. आणि नेमकं तेच तिचं नाव झाल्यानंतरचं, स्वतःच्या मर्जीने केलेलं काम! तिच्या अभिनयाबद्दल मत देताना आपण फक्त सुरुवातीची दोनेक वर्षं बघून बोलतोय हे लेखात एकदा तरी सांगा. मोठ्या सिनेमांची स्थिती काय तर लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये हिशोब काढला, १९१२ ते १९२९ मधल्या १०,९१९ अमेरिकन मूक फीचर सिनेमांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण उरलेत जेमतेम १४ टक्के. थेडा बाराचं तर जवळपास सगळंच गेलं, १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथल्या फॉक्सच्या गोदामाला आग लागली त्यात.

पण 'हरवला' हा शिक्का कायमचा नसतो. १९७८ मध्ये कॅनडाच्या डॉसन सिटीत जुन्या स्विमिंग पुलाच्या जागी खोदताना पाचशेच्या वर रिळं निघाली. मेरी पिकफोर्डचा १९११ चा एक इम्प सिनेमा न्यू हॅम्पशायरमधल्या एका जुन्या कोठारात सापडला. त्यामुळे यादीत 'हरवला' लिहिलं तर पुढे कुठल्या वर्षी तपासलं ते लिहा.

आता वेगाबद्दल, कारण इथे बहुतेक लोक फसतात. मूकपट साधारण सेकंदाला १६ ते २० फ्रेम या वेगाने चालायचे, नेटवरच्या कित्येक कॉपी २४ ने चालवलेल्या असतात, मग बाई तुरुतुरु पळतात आणि आपण म्हणतो काय ही ओव्हरॲक्टिंग. पस्तीस एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम असतात, म्हणजे १६ च्या वेगाने एक फूट बरोब्बर एक सेकंद. मासिकात लांबी ९५० फूट दिली असेल तर सिनेमा जवळजवळ १६ मिनिटांचा व्हायला हवा. तुमच्या व्हिडिओत तो दहा मिनिटांत संपला तर वेग तरी जास्त आहे किंवा तुकडा तरी गहाळ आहे. प्लेअरमध्ये वेग पाऊणपट करून बघा, चेहऱ्यावरचे बारीक भाव एकदम दिसायला लागतात, नजर कुठे जाते, हात कुठे थांबतो. हे केल्याशिवाय अभिनयावर एक ओळ लिहू नका.

वय, लग्न, पैसा

नट्यांचं वय हा स्वतंत्र विषय आहे. मेरी पिकफोर्डचा जन्म १८९२ चा, ती सांगायची १८९३. लॉरेन्सची तर थडग्यावरची पाटीच १८९० म्हणते! ती पाटी बसली १९९१ मध्ये, तोवर हॉलिवूडच्या त्या कब्रस्तानात तिच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. म्हणजे दगडात कोरलंय म्हणून खरं असं काही नसतं, पाटी कोणी आणि किती वर्षांनी लावली ते बघायचं.

मग बघायचं कुठे? फॅमिलीसर्च या जुन्या नोंदी शोधायच्या साइटवर फुकट खातं काढा. ओंटारिओत १८६९ पासून जन्माची सरकारी नोंद होते. अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी, आणि ७२ वर्षांनी खुली होते, त्यामुळे १९५० पर्यंतची बघता येते. त्यातली १९०० ची सोन्यासारखी, कारण तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही विचारलंय, १९१० नि १९२० मध्ये नुसतं वय. १८९० ची शोधत बसू नका, ती जवळपास सगळी आगीत गेली. साधा नियम असा की बाई नावारूपाला यायच्या आधीचा कागद जास्त खरा, कारण तेव्हा वय लपवायचं कारणच नव्हतं. लग्न झालेल्या बायका नवऱ्याच्या आडनावाने नोंदल्या जातात हेही ध्यानात असू द्या.

कुठलं दप्तर उपयोगी पडेल हे बाईवर अवलंबून असतं. चिनी वंशाची नटी ॲना मे वाँग लॉस अँजेलिसमध्ये जन्मलेली, तरी चिनी लोकांविरुद्धच्या त्या वेळच्या कायद्यामुळे देशाबाहेर जायचं तर तिला आधी फॉर्म ४३० भरून नागरिकत्व तपासून घ्यावं लागायचं. अपमानच होता तो, पण त्याच कागदांमुळे तिच्या प्रवासांचा माग नॅशनल अर्काइव्हजमध्ये मिळतो, जो तेव्हाच्या गोऱ्या नट्यांचा एवढा मिळत नाही.

पगाराचे आकडे जपून. लॉरेन्सला एडिसनकडे दिवसाला ५ डॉलर आणि बायोग्राफमध्ये आठवड्याला २५ डॉलर असं सांगितलं जातं, हे आकडे लहान आहेत म्हणून पटतात. स्टार झाल्यावरचे मोठे आकडे मात्र कंपनीला फुगवायला आवडायचे, तिथे करारनाम्याचा किंवा कोर्टातल्या कागदाचा आधार मिळाला तरच घ्या.

आणि तो गाड्यांचा किस्सा, 'टर्न सिग्नलचा शोध हॉलिवूडच्या हिरॉईनने लावला' म्हणून दर काही दिवसांनी फिरतो तो. इथे गूगल पेटंट्स कामाला येतं. तिने गाडीच्या मागे वर-खाली होणारा, बटणाने चालणारा सिग्नलचा हात आणि ब्रेक लावला की 'थांबा' दाखवणारी पाटी असं काहीतरी बनवलं होतं, पण पेटंट घेतलं नाही, आणि वळण दाखवणाऱ्या यंत्रांवर दुसऱ्यांनी तिच्या आधीच अर्ज केले होते. विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट मात्र तिच्या आईच्या नावावर खरोखर आहे, शार्लट ब्रिजवुड टाकून शोधा, आकृत्यांसकट दिसेल. मला विचाराल तर आईच्या त्या पेटंटवर एक वेगळा लेख होतो, पण सगळे लेकीच्याच मागे.

आठवणी शेवटी का

लॉरेन्सने १९१४-१५ मध्ये 'फोटोप्ले'त आपल्या आठवणी क्रमशः दिल्या. वाचायला मजा येते, हिवाळ्यात उघड्यावर शूटिंग वगैरे. पण सोबत एक लेखक होता आणि मासिक फॅन लोकांचं होतं, म्हणून यादी आणि तारखा तयार असतील तेव्हाच त्या वाचायला घ्या, म्हणजे कुठे गोष्ट सरकवलीय ते वाचता वाचताच कळतं. तिच्या सेटवरच्या आगीच्या अपघाताचंच घ्या, एका ठिकाणी १९१४ तर दुसरीकडे १९१५ वाचायला मिळतं. वाद घालत बसण्यापेक्षा त्या सिनेमाची रिलीजची तारीख धंद्याच्या साप्ताहिकात काढा, अपघात त्याच्या आधीच झालेला असणार, झालं काम.

शेवटची वर्षं लिहिताना मात्र हात आखडता घ्या. १९३० च्या दशकात एमजीएम स्टुडिओ जुन्या कलाकारांना छोटी कामं द्यायचा, त्यात ती होती, मोठ्या आजाराने बेजार होती, आणि २८ डिसेंबर १९३८ ला तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. हे एका वाक्यात सांगून पुढे जाता येतं. कसं, कशाने, हे तपशील दरवेळी रंगवून लिहिणाऱ्या पानांवर तिच्या सिनेमांची साधी यादीसुद्धा धड नसते, हा माझा अनुभव आहे.

नेटवर जे संपतं त्याच्या पुढे खरे कागद असतात, पत्रं, स्क्रॅपबुकं, करार. लॉरेन्सचे कागद लॉस अँजेलिस काउंटीच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या सीव्हर सेंटरमध्ये आहेत, बाकीच्या पुष्कळ जणींसाठी बेव्हर्ली हिल्समधली मार्गारेट हेरिक लायब्ररी. ईमेल करताना 'अमुक अभिनेत्रीबद्दल जे असेल ते पाठवा' असं लिहाल तर उत्तर येईलच असं नाही. आधी त्यांच्या साइटवरची संग्रहाची यादी उघडा, हवा तो बॉक्स आणि फोल्डर नंबरासकट सांगा, कुठल्या वर्षाचं काय शोधताय ते दोन ओळीत लिहा, स्कॅनचा खर्च किती आणि छापायला परवानगी लागेल का हे त्याच मेलमध्ये विचारा. फोटो वापरायचा असेल तर अमेरिकेत ९५ वर्षं उलटलेलं छापील साहित्य मोकळं असतं, पण ते 'छापलेलं' असायला हवं, अल्बममधला खाजगी फोटो त्यात आपोआप बसत नाही, तेवढं आधी विचारून घ्या.